लेथ काट्यावर घालणाऱ्यांस

खंडेनवमीच्या दिवशी महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या लहानमोठ्या वर्कशॉपांतून एक देखणे दृश्य दिसते. लेथ घासूनपुसून ठेवलेला असतो, चकाला झेंडूची माळ, सॅडलवर हळदकुंकू, पुढ्यात नारळ; आणि एरवी ज्याच्यावर चहाचा कप टेकवतानाही मालकाला काही वाटत नाही, त्या यंत्रापुढे तो सहकुटुंब हात जोडून उभा असतो. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दिवाळी येते. झाडलोट निघते, माळे रिकामे होतात, भंगारवाल्याचा टेम्पो आळीच्या तोंडाशी उभा राहतो, आणि मागल्या पडवीत कित्येक वर्षे गोणपाटाखाली झाकून ठेवलेला वडिलांच्या वेळचा लेथ किलोच्या भावाने काट्यावर चढतो. देवघरातली पितळी अन्नपूर्णा जुनी झाली, झिजली, तिचे नाक दिसेनासे झाले, म्हणून तिला कोणी पितळेच्या भावाने विकीत नाही. मग ज्याने तीस-चाळीस वर्षे घराला भाकरी दिली त्या अन्नपूर्णेच्या बाबतीतच तराजू का आठवावा?

माझे भांडण त्या तराजूशी आहे. पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धेच भांडण होईल. कारण काट्यावरून लेथ वाचवणारी जी एक हौशी मंडळी अलीकडे निघाली आहेत, त्यांतल्या पुष्कळांनी तो भंगारवाल्यापेक्षाही वाईट रीतीने मारला आहे. भंगारवाला निदान उघड मारतो. हे लोक रंग लावून मारतात.

ज्यांच्या घरात यंत्राचा वास नाही अशा वाचकांसाठी, आणि दिवाळी अंक आधी हाती घेऊन बसणाऱ्या गृहिणींसाठी, दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. कुंभाराचे चाक आडवे पाडा. मातीच्या जागी लोखंडाचा दांडा आणि कुंभाराच्या बोटांच्या जागी पोलादाचे धारदार हत्यार कल्पा, की लेथ झाला. दांडा फिरतो, हत्यार त्याला सोलीत जाते. ते हत्यार सरळ रेषेत सरकावे म्हणून खाली ज्या दोन लांब पट्ट्या असतात, त्यांना बेड म्हणतात. बेडच्या डाव्या टोकाला दांडा फिरवणारा हेडस्टॉक, उजव्या टोकाला त्याला टेकू देणारा टेलस्टॉक, आणि मध्ये हत्यार घेऊन धावणारे सॅडल. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास या सॅडलला आट्यांच्या लांब दांड्याशी, म्हणजे लीड स्क्रूशी जोडले, आणि माणसाच्या हाताला जे कधी साधले नसते ते, एकासारखा एक आटा पाडणे, यंत्राला साधू लागले. शिवणयंत्राचा दांडा, पंपाचा शाफ्ट, सायकलचा आस, भातगिरणीचा बुश, एवढेच काय पण दुसऱ्या लेथाचा स्पिंडल, हे सारे लेथावरच जन्मते. यंत्रांची आई म्हणतात ती हिला, आणि या वेळी म्हण खरी आहे.

पोलादपूर या नावात पोलाद कोठून आले हे इतिहासकारांनी सांगावे. मला त्यात पडायचे नाही. पण नावाला भुलू नये. लेथाचा जीव पोलादात नसतो, बिडात असतो. बेड बिडाचा, हेडस्टॉकची पेटी बिडाची, सॅडल बिडाचे. बीड ठिसूळ खरे, पण ते थरथर गिळते, दडपणाखाली आकार धरून राहते आणि तेल अंगात मुरवून घेते. शिवाय ओतल्यावर बिडात जे ताण राहून जातात, ते काळाबरोबर निवळतात. चांगले जुने कारखानदार ओतलेले बेड महिनोन्‌महिने उघड्यावर उन्हापावसात पडू देत आणि मगच त्यांना रंधा लावीत. लोणचे मुरावे तसे बीड मुरते. चाळीस-पन्नास वर्षांचा बेड आता जो काही वाकायचा तो वाकून चुकलेला असतो. भंगारवाला वजन करतो तेव्हा या मुरण्याचे पैसे देत नाही. त्याच्या दृष्टीने काल ओतलेले बीड आणि आजोबांच्या काळचे बीड सारखेच.

आणि ही यंत्रे आली कोठून? मराठी माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण उत्तरात त्याचा स्वतःचा वाटा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकू आणि दुरुस्त करू लागले, कडबा कापायची यंत्रे आणि नांगर करू लागले, आणि १९१० साली कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकांचे दिवाळी अंक मराठी घरांनी वर्षानुवर्षे वाचले, ती मासिके नांगराच्या कारखान्यातून निघाली, ही गोष्ट जगात फारशी कोठे घडलेली नसावी. याच घराण्याने १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना काढला आणि तेथून 'एंटरप्राइज', 'टर्नमास्टर' अशा नावांचे लेथ देशभर गेले. तो कारखाना आज नाही. लेथ मात्र आहेत. १९५३ साली बंगळूरला एचएमटी निघाली, तिचे लेथ आहेत. बटाला, लुधियाना, राजकोट येथले पट्ट्यावर चालणारे हलके लेथ आहेत. आणि क्वचित एखाद्या पडवीत विलायती शिक्क्याचा, गिरणीच्या वर्कशॉपातून आलेलाही सापडतो. मुंबईच्या कापडगिरण्यांना स्वतःची दुरुस्तीची वर्कशॉपे असत आणि तेथल्या लेथांवर कोकणातले पुष्कळ हात कसलेले होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढे गिरण्या एकेक करून विझल्या, यंत्रे भंगारात गेली, आणि ते हात गावी परतले. पोलादपूर तालुक्यात आजही असा एखादा वृद्ध टर्नर भेटतो, जो फिरत्या दांड्याच्या आवाजावरून हत्याराची धार गेली की नाही ते सांगतो. त्याला कोणी काही विचारत नाही, हे निराळे.

मग २०२१ ची २२ जुलै उजाडली. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजलेच्या तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे यंत्राच्या नुकसानीचे गाऱ्हाणे कोणी घातले नाही आणि घालूही नये. पण पाणी ओसरल्यावर पोट भरायचे होतेच. चिखलाने भरलेले लेथ त्या दिवसांत ज्या वेगाने टेम्पोत चढले, ते पाहून मला राहवत नाही. पुराने लेथ मेला, असे सर्रास म्हटले गेले. पुराच्या पाण्याने मोटर मरते, वायरिंग मरते, आणि पंधरा दिवस तसाच ठेवला तर बेडवर तांबेरा चढतो. बीड चार-दोन दिवस पाण्यात राहून मरत नाही. पुरानंतर लेथ मेले ते बहुतेक दोन कारणांनी: कोणी चिखल न धुताच हौसेने सॅडल पुढेमागे ओढून पाहिले, आणि ती बारीक वाळू बेडला एमरीसारखी घासून गेली; किंवा कोणी मोटर न सुकवता बटण दाबले. करायचे होते ते अगदी साधे. गोड्या पाण्याने चिखल धुऊन काढायचा, हेडस्टॉकमधले दुधासारखे झालेले तेल सोडून पेटी घासलेट किंवा डिझेलने दोनतीनदा खळबळायची, उघड्या लोखंडावर तेल चोपडायचे, आणि मोटर वाइंडरकडे नेऊन सुकवून, मेगर लावून घेतल्यावाचून तिला वीज दाखवायची नाही. हे काम एका माणसाचे दोन-तीन दिवसांचे. हे सांगायला तेव्हा कोणी नव्हते, भंगारवाला मात्र तिसऱ्याच दिवशी दारात होता.

येथे एक शहाणा गृहस्थ उठून म्हणेल, आणि असा गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एक असतोच, बहुधा तो पुण्याला नोकरीला असतो: "अहो, आता कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रे आली. हे जुने धूड कशाला? शिकायचे तर नव्यावर शिकावे." मी म्हणतो, अवश्य. द्या पैसे. नव्या चांगल्या लेथाला जे पैसे लागतात त्यांत पोलादपूरच्या मुलाचे दुकान, पत्रा, मोटर आणि वर्षाचे भाडे भागते. आणि त्या पैशांखाली जे स्वस्त, नवे, चकचकीत खेळणे मिळते, ते टेबलावर ठेवून पाहा. थोडा जाड काप घेतला की ते पावसात भिजलेल्या कोकरासारखे थरथरते. वजन हे लेथाचे दूषण नव्हे, भूषण आहे. गंमत अशी की भंगारवाला ज्या वजनासाठी लेथ विकत घेतो, त्याच वजनासाठी तो राखायला हवा.

शिवाय प्रश्न नुसत्या शिकण्याचा नाही. पोलादपुरात भातगिरणीचा बुश गेला, उसाच्या चरकाचा आस झिजला, की विसेक किलोमीटरवर महाड गाठावे लागते. तेथे काम जमले नाही तर मुंबई किंवा पुणे. पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली तर तेही नाही. एका बुशासाठी गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणून भात डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका. मुंबईला मुलगे का जातात याची कारणे फार मोठमोठी सांगितली जातात. गावातली बंद पडवी आणि तिच्यातून गेलेला लेथ हे त्यांतले एक लहान कारण आहे, आणि आपल्या हातातले आहे.

दुसरा कोणी इतिहासाचा जाणकार मला लक्ष्मणरावांचाच दाखला देईल. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत गेल्या, मग लेथाचेच एवढे काय कौतुक? दाखला खरा आहे आणि माझ्याच बाजूचा आहे. तोफ उडायची थांबली होती. तिचा नांगर झाला हे उत्तम झाले. लेथ मात्र अजून कापतो. नांगर वितळवून त्याच्या तोफा करण्याला शहाणपण म्हणत नाहीत.

आता लेथ घ्यायला निघालेल्या नवशिक्याकडे वळतो. विकणारा मालक किंवा दलाल काय करतो? बटण दाबतो. चक गरगर फिरतो. "बघा, चालू कंडिशन!" लेथ फिरतो म्हणजे चांगला, असे समजणे हे घोडा उभा आहे म्हणजे धावेल असे समजण्यापैकी आहे. दलालाचे दुसरे शस्त्र म्हणजे हिरवा किंवा राखी ताजा रंग. रंगाला मी वाईट म्हणत नाही, पण विकण्याच्या आदल्या आठवड्यात लावलेला रंग हा नेहमी कशावर तरी लावलेला असतो. त्याखाली लांबी असते, लांबीखाली कधी चीर असते. हेडस्टॉकच्या कोपऱ्यांवर आणि बेडच्या पायांशी नाण्याने हलकेच टिचकी मारून पाहावे. भरीव बीड एक बोलते, लांबी भरलेला खड्डा दुसरेच बोलतो.

खरी परीक्षा बेडची. टर्नर आयुष्यभर बहुतेक कामे चकाजवळ करतो, म्हणून बेड चकाजवळच्या हातभर भागात झिजतो आणि टेलस्टॉककडे जवळजवळ कोरा राहतो. अंगठ्याचे नख बेडच्या धारेवरून आडवे फिरवा. जेथे सॅडल घासते आणि जेथे ते पोचत नाही त्या सीमेवर पायरी लागली तर झीज आहे. मग सॅडलची जिब पट्टी अशी आवळा की चकाजवळ ते जेमतेम घट्ट चालेल. आता त्याला उजवीकडे नेत जा. शेवटपर्यंत सारखे चालले तर बेड सज्जन आहे. मध्येच अडकून बसले तर जेथे अडकले तेथे लोखंड शिल्लक आहे, आणि जेथे सहज चालत होते तेथले गेले आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. दलालाला मात्र ती मुळीच आवडत नाही.

नंतर स्पिंडल. चकात जाड दांडा घट्ट धरा, त्याखाली लाकडी दांडके घालून वर उचला, आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहा. दोन-तीन शतांश मिलिमीटर हलला तर शांतपणे पुढे जा. दहा-बारा हलला तर विचारा, बेअरिंग आवळता येते काय. पुष्कळ जुन्या लेथांत येते. सगळ्या वेगांवर एकेकदा चालवून ऐका, वीस मिनिटे चालू ठेवून हेडस्टॉकवर तळहात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववेना तर नाही. झाकण काढून बॅटरीच्या उजेडात गिअरचे दात मोजा. क्रॉस स्लाइडच्या हँडलला अर्धा फेरा ढिलाई आहे म्हणून मात्र घाबरू नका. नवशिके याच एका ढिलाईला घाबरतात आणि बेडकडे बघत नाहीत. हँडल नेहमी एकाच बाजूने आणून थांबवायची सवय ही टर्नरची पहिली सवय असते, आणि तो आतला पितळी नट नवा करून घेणे हे शिकाऊ मुलाचे पहिले उत्तम काम आहे.

झिजेची भीती किती धरावी, याचाही हिशेब कोणी करीत नाही. समजा, पंचवीस मिलिमीटर व्यासाचा दांडा आहे. बेड झिजला म्हणून हत्यार एक दशांश मिलिमीटर खाली गेले. किती फरक पडेल? वर्तुळाच्या भूमितीने पाहिले तर व्यासात एक हजारांश मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तेच हत्यार दांड्यापासून एक दशांश बाजूला गेले, तर व्यास थेट दोन दशांशांनी बदलतो. म्हणजे खालची झीज क्षम्य आणि बाजूची झीज गंभीर. आणि गिरणीचा बुश दोन-तीन इंच लांब असतो. तेवढ्या लांबीत जुना बेड तुम्हाला जो दगा देईल, तो मायक्रोमीटरने दर कापाला मोजणाऱ्या माणसाला दिसतो आणि सावरता येतो. झिजलेल्या लेथावर चांगला टर्नर अचूक काम काढतो, नव्या लेथावर निष्काळजी टर्नर भंगार काढतो. गिरणीतून परतलेल्या त्या म्हाताऱ्याला विचारा. तो हसेल आणि तेच सांगेल.

याहून मोठा अन्याय एक आहे आणि तो रोज होतो. लेथावर दांडा निमुळता कापला जातो, म्हणून तो वाकडा ठरतो आणि विकला जातो. पुष्कळदा वाकडा लेथ नसतो, जमीन वाकडी असते. एवढे बीड चार पायांवर उभे असते. एक पाय अर्ध्या सुताने खाली गेला की बेडला पीळ पडतो, कपडा पिळावा तसा. ही परीक्षा अशी: दीडेक इंच जाड दांडा चकातून सव्वाशे मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका, हत्यार न हलवता दोन्ही टोकांना अगदी हलका काप घ्या, आणि दोन्ही व्यास मोजा. फरक असला तर टेलस्टॉककडच्या पायाखालचा बोल्ट थोडा फिरवा, पुन्हा कापा, पुन्हा मोजा. चांगली लेव्हल, जिचा बुडबुडा मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा ढाळ ओळखतो, कोणाकडून मागून मिळाली तर बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पीळ आधीच काढता येईल. गवंड्याची पातळी येथे चालत नाही. किती लेथ हा एक बोल्ट न फिरवल्यामुळे काट्यावर चढले असतील, याचा विचार मनात आला की संताप येतो.

आता रंगवाली मंडळी. जुना लेथ आणला की यांचा हात आधी अँगल ग्राइंडरकडे जातो. गंज दिसला की घास, चमकले की फोटो. बेडच्या पट्ट्या कारखान्यात किती मायेने सरळ केलेल्या असतात याची यांना कल्पना नसते. निळा रंग लावून, उंचवटा शोधून, स्क्रेपरने हाताने खरडून, पुन्हा निळा लावून, असे दिवसेंदिवस चालते. त्या खरडीचे चांदणीसारखे ठसे जुन्या बेडवर टेलस्टॉकच्या बाजूला अजून दिसतात. त्यावर ग्राइंडर फिरवणे म्हणजे जुन्या पैठणीचा डाग काढायला विळी घेणे. गंज काढायचा तर घासलेट, तेल आणि मऊ घासणी. घट्ट पापुद्रा असेल तर सपाट धरलेले ब्लेड. एमरी पेपर बेडवर वापरूच नये, कारण सुटलेले कण सॅडलखाली जाऊन बसतात आणि पुढे वर्षभर बेड खात राहतात. लहान सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज उतरवतात, ती युक्ती चांगली आहे. पण दुसऱ्या टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा लावावा, स्टेनलेसचा कदापि नको, त्यातून क्रोमियमचे विष पाण्यात उतरते. आणि हे अंगणात करावे, बंद खोलीत नाही, कारण निघणारा वायू पेट घेतो.

या मंडळींचे दुसरे वेड म्हणजे पहिल्याच दिवशी सगळा लेथ खोलून स्क्रू आणि पिना एका बादलीत घालणे. खोललेला लेथ सहा महिन्यांनी त्याच बादलीसह भंगारात जातो, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. नवशिक्याने आधी तेल घालावे, महिनाभर चालवावे, त्याचे दोष कापलेल्या लोखंडावर वाचावे आणि मग एका वेळी एकच भाग उघडावा. बेड नव्याने ग्राइंड करून आणण्याची घाई तर मुळीच करू नये. त्या खर्चात बहुधा दुसरा जुना लेथ येतो; आणि बेड खाली गेला की सॅडल खाली येते, लीड स्क्रू जुन्या जागी राहतो, हे दुखणे वेगळेच.

मी प्रत्येक लेथाला जीवदान द्या म्हणत नाही. बेड तडकून वेल्डिंगने चिकटवलेला, हेडस्टॉक फुटलेला, गिअरचे चारसहा दात गेलेले आणि सुटे भाग कोठेही न मिळणारे, स्पिंडलच वाकलेला, असा लेथ नवशिक्याने घेऊ नये. तो खुशाल काट्यावर जाऊ द्यावा, आणि त्याचा चक, टेलस्टॉक तेवढा दुसऱ्याला उपयोगी पडतो का पाहावे. भंगारवाला हा काही राक्षस नाही. त्याच्या तराजूला मेलेले आणि जिवंत यांतला भेद कळत नाही, एवढाच त्याचा दोष. तो भेद कळण्याची जबाबदारी विकणाऱ्याची होती.

आया विचारतील, हे धूड घरात आणून मुलाच्या जिवाला धोका नाही ना? आहे. जुन्या लेथाला पुष्कळदा ब्रेक नसतो, पट्ट्यावर झाकण नसते. चकाची चावी चकातच राहिली आणि बटण दाबले गेले तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून पट्ट्याला जाळी आणि हाताशी लाल बटण रंगाच्या डब्याआधी आणावे. लांब बाही, ओढणी, हातमोजा, अंगठी, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या दांड्याजवळ नको, आणि निघालेला किस बोटाने ओढू नये. ओढणीचे नाव मुद्दाम घेतले, कारण आयटीआयचा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींनाही मोकळा आहे, आणि हे पुरुषांचे काम असे अजून कोणी म्हणत असेल, तर त्याने चकात दांडा बरोबर मध्ये धरून दाखवावा. विजेचे म्हणाल तर जुन्या मोटरी थ्री फेजच्या, आणि घरात येते सिंगल फेज. तेवढ्यासाठी लेथ सोडू नये. दोन-तीन अश्वशक्तीपर्यंत सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर चालवणारा ड्राइव्ह आता बाजारात सहज मिळतो.

आणखी एक गोष्ट, जी सौदा ठरल्यावर पण पैसे देण्याआधी करायची. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण जुन्या लेथांचे लीड स्क्रू इंचाचेच राहिले. इंचाच्या लेथावर मिलिमीटरचा आटा पाडायचा तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, आणि दुसऱ्या कुठल्याही लहान आकड्याने तो हिशेब पुरता जुळत नाही. मालकाला विचारा, चेंज गिअरचा संच कोठे आहे. तो म्हणेल, "होता खरा, आता काही सांगता येत नाही." सोडू नका. पडवीच्या कोपऱ्यात, पायरीखाली, तेलाच्या जुन्या डब्यात, खिळ्यांच्या ढिगाखाली, कोठे तरी तो असतो. भंगारवाल्याचा टेम्पो येण्याआधी तेवढे शोधून घ्या, कारण तो डबा हलका असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि पहिल्यांदा तोच जातो.